मजुरी म्हणायचं नाही : उखियाच्या डोंगरावरचे दोन पावसाळे

ओव्हरसियर | शनिवार, रात्री ९:४०

मागच्या आठवड्यात रोजगार हमीच्या धाग्यावर मी जाता जाता एक ओळ टाकली होती, की हेच हजेरीपट आणि हीच घमेली मी बांगलादेशात रोहिंग्या छावण्यांत वापरली आहेत. त्यावर चार-पाच जणांचे व्यनि (व्यक्तिगत निरोप) आले. प्रत्येकाला वेगळं लिहीत बसण्यापेक्षा म्हटलं धागाच काढू. लांबलाय, चहा घेऊन बसा.

मी पेशाने स्थापत्य अभियंता. २०१८ आणि २०१९चे पावसाळे कॉक्स बाजार जिल्ह्यातल्या उखियात काढले, एका मदतसंस्थेच्या नोकरीत. संस्थेचं नाव विचारू नका.

पार्श्वभूमी बऱ्याच जणांना माहीत असेल. २५ ऑगस्ट २०१७ नंतर म्यानमारच्या राखाइन प्रांतातून सात लाखांवर रोहिंग्या, म्हणजे तिथले अल्पसंख्य मुसलमान, काही महिन्यांत या बाजूला आले. १९७८ आणि १९९१-९२ मध्येही लोंढे आले होते, त्यातले काही आधीपासून तिथेच होते. उखिया आणि टेकनाफ हे दोन उपजिल्हे, म्हणजे आपले दोन तालुके धरा. स्थानिक वस्ती पाचेक लाख. घरात पाच माणसं आणि ओसरीवर दहा पाहुणे, अशी गत.

हे पाहुणे राहिले कुठे, तर वनखात्याच्या टेकड्यांवर. वाळू आणि चिकणमातीच्या टेकड्या. झाडं सरपणाला गेली, मग बुंधे, मग मुळंही खणून काढली. मी जूनमध्ये पोचलो तेव्हा कुतुपालोंग छावणीच्या टेकड्या दाढी केल्यासारख्या दिसत होत्या. त्यावर बांबू आणि ताडपत्रीची खोपटी एकमेकांना चिकटून, आणि वरून बंगालच्या उपसागराचा पाऊस. आपला कोकणचा पाऊस मी पाहिलाय, म्हणून मोठेपणाने गेलो होतो. पहिल्याच आठवड्यात तोंड बंद झालं.

कामं साधी होती. उतारावर बांबू आणि वाळूच्या पोत्यांच्या पायऱ्या, पाणी काढून द्यायला गटारं, उतार कापून टप्पे पाडणं, टप्प्यांच्या कडेला गवत लावणं. यंत्र आणायला रस्ताच नव्हता, त्यामुळे माणसं लावायची आणि रोख पैसे द्यायचे. अकुशल कामाला तासाला ५० टका. सात तास भरले की ३५०. कुशल कामाला थोडे जास्त. सकाळी हजेरी, दुपारी भाकरीची सुट्टी, काम संपलं की अंगठा आणि पैसे. रोहिंग्यांना सिमकार्ड घ्यायला बंदी होती, त्यामुळे मोबाइलवर पैसे पाठवणं वगैरे चोचले स्थानिकांसाठी. छावणीत नोटांची थैली घेऊन जायचं आणि मोजून द्यायचे.

आता ज्यासाठी धागा काढला ती गोष्ट. पहिल्या महिन्याचा अहवाल मी लिहिला, त्यात शब्द वापरला 'मजुरी'. वरिष्ठांनी लाल रेघ मारून परत पाठवला. मजुरी नाही, 'स्वयंसेवकांचं मानधन' म्हणायचं. मला वाटलं टायपाची चूक असेल. चूक नव्हती. रोहिंग्याला बांगलादेशात नोकरी किंवा मजुरी करायची मुभा नाही. मजुरी लिहिली की तो मजूर झाला, मजूर झाला की त्याचा काही हक्क झाला. एवढंच नाही, सरकारी कागदावर तो 'निर्वासित'ही नाही. 'बलपूर्वक विस्थापित म्यानमार नागरिक' असं लांबलचक नाव. बांगलादेशाने १९५१च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही (आपणही नाही केलेली, उगाच नाक वर करायला नको). तर पन्नास किलोचं पोतं डोक्यावर घेऊन टेकडी चढणारा माणूस कागदावर स्वयंसेवक.

बाकीचं प्रतिसादांत लिहितो.

---

सोनचाफा | रात्री १०:०५

फार वेगळा विषय. पुढील भागाच्या प्रतीक्षेत. यादी कोण करायचं? आमच्या गावात तरी यादी म्हटली की सरपंचाच्या भावकीपासून सुरुवात.

---

ओव्हरसियर | रात्री १०:३०

सोनचाफा, नेमक्या दुखऱ्या जागी बोट ठेवलंत. छावणीत प्रत्येक ब्लॉकला एक 'माझी' असतो. बंगालीत माझी म्हणजे नावाडी, पण इथे त्याचा अर्थ पुढारी. मराठी कानाला मात्र 'ही यादी माझी' असं ऐकू यायचं, आणि अर्थ बरोबरच निघायचा! माझीने दिलेल्या नावांत त्याचे मेहुणे, भाचे. यादीत नाव घालायला तो हात ओला करून घेतो, अशा तक्रारी पहिल्या पंधरवड्यातच आल्या.

मग आम्ही रेशनच्या कुटुंबपत्रांवरून नावं काढली आणि पाळी लावली. एका घरातला एकच माणूस, ठरावीक दिवस झाले की पुढचं घर. माझीचा रुसवा पत्करला. त्याला वगळूनही चालत नाही, कारण रात्री उतार खचला की कुठल्या खोपटात म्हातारी झोपलीय हे त्यालाच ठाऊक. शेवटी त्याला मुकादम न करता फक्त निरोप्या केला. तरी दहातलं एक नाव त्याचं असायचंच. शंभर टक्के स्वच्छ यादी मी आयुष्यात पाहिलेली नाही, तिथेही नाही आणि सोलापूर जिल्ह्यातही नाही.

---

तर्कटराव | रविवार, सकाळी ७:५०

लेख चांगला, पण हिशोब करू. ३५० टका म्हणजे तेव्हाचे पावणेतीनशे-तीनशे रुपये. २०१८-१९ला महाराष्ट्रात रोहयोचा दर होता २०३ रुपये. म्हणजे छावणीत आमच्या विदर्भातल्या मजुरापेक्षा जास्त. वर रेशन फुकट, घर फुकट. मग स्थानिक चिडले तर त्यांचं काय चुकलं?

दुसरं, पोत्यांच्या पायऱ्या पुढच्या पावसात वाहून जाणारच. मग खड्डा खणा आणि खड्डा बुजवा कशाला? सरळ रोख वाटा ना.

---

कोल्हापुरी_रस्सा | सकाळी ८:२०

तर्कटराव सकाळी सकाळी फॉर्मात :)

अवांतर : आमच्या कोल्हापूरजवळ वळिवड्याला १९४३ ते ४८ पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती, पाचेक हजार माणसं. आजोबा त्यांच्या गोष्टी सांगायचे. इथे कुणाला त्यावर वाचायचं असेल तर लिहीन.

---

सोनचाफा | सकाळी ८:३१

लिहा की, पण वेगळ्या धाग्यावर. हा भरकटायला नको.

---

ओव्हरसियर | सकाळी ११:१५

तर्कटराव, हिशोब बरोबर, पण अर्धा.

दर दिवसाचा आहे, महिन्याचा नाही. पाळी असल्यामुळे एका घराला महिन्यात पंधरा-सोळा दिवस मिळाले तर नशीब, आणि मग कित्येक महिने काहीच नाही. रेशन म्हणाल तर तांदूळ, डाळ, तेल. त्यातलं तांदूळ-तेल विकून माणसं मासळी, मिरची, औषध आणि पान आणायची. (पानाशिवाय रोहिंग्या म्हातारा म्हणजे तंबाखूशिवाय आमचे मामा.) विकताना भाव पडायचा, घेताना चढायचा. हातात रोख आली की ही विक्री थांबते, हे मी बाजारात डोळ्यांनी पाहिलं. पुढे २०२३ मध्ये तर माणशी महिन्याला १२ डॉलरचं रेशन मार्चमध्ये १० वर आणि जूनमध्ये ८ वर आलं. तेव्हा मी तिथे नव्हतो, पण जुन्या सहकाऱ्यांचे फोन यायचे.

आता स्थानिकांचं. तुम्ही म्हणता ते खरंच आहे, आणि तुम्ही म्हणता त्याहून जास्त खरं आहे. तिथे अतिगरिबांसाठी सरकारी रोजगार कार्यक्रम आहे, लोक त्याला 'चाळीस दिवसांचं काम' म्हणतात. वर्षात दोनदा चाळीस दिवस. त्याचा दर तेव्हा २०० टका. म्हणजे पाहुण्याला ३५० आणि घरच्याला २००! हे ज्याने ठरवलं त्याला उखियाच्या चहाच्या टपरीवर एक तास बसवायला हवं होतं. टपरीवरचा एक मजूर मला म्हणाला, हे यायच्या आधी मी शेतात ५०० घ्यायचो, आता मालक म्हणतो रोहिंग्या तीनशेत येतो, तू घरी बस. छावणीबाहेर चोरून काम करणाऱ्याला दर ठरवता येत नाही, तो मिळेल ते घेतो. त्याला कायद्याने मजूर म्हटलं असतं तर त्याने पाचशे मागितले असते आणि या स्थानिकाचाही भाव टिकला असता. वरच्या लाल रेघेची किंमत अशी छावणीबाहेरचा माणूस भरत होता.

कोळ्यांचं तर आणखी वाईट. ऑगस्ट २०१७पासून नाफ नदीत मासेमारीला बंदी घातली, कारण तिथून माणसं येतात आणि गोळ्याही येतात (याबा नावाच्या नशेच्या). होड्या काठावर उलट्या पडून वाळत होत्या.

पायऱ्यांबद्दल : हो, वाहून जातात. बांबूही वर्षा-दोन वर्षांत किडे पोखरतात. पण त्या एका पावसाळ्यात बाईला हंडा घेऊन खाली जाता येतं आणि आजाऱ्याला झोळीतून खाली आणता येतं. रोख नुसती वाटली असती तर पायरी कुणी बांधली असती? मला नुसत्या रोख वाटपाचं वावडं नाही. म्हातारे, एकट्या बाया, अपंग यांना कामावर बोलावणं हा क्रूरपणा आहे, त्यांना नुसतीच द्यावी. पण धडधाकट तरुण सकाळी सातपासून उंबऱ्यावर बसलेला पाहिलात ना, की तुम्हीही घमेलं शोधाल.

---

अण्णा_आटपाडी | दुपारी १:४०

ओव्हरसियर, सलग वाचलं. मी बहात्तरच्या दुष्काळात बारा वर्षांचा. आई-वडील दोघंही दुष्काळी कामावर. मी पाणी द्यायला जायचो. खडी फोडायची, पाझर तलावाची माती ओढायची. सुकडी मिळायची, आणि मिलोच्या (परदेशातून आलेल्या ज्वारीच्या) लाल भाकरी. ती भाकरी अजून घशात अडकते. आमच्या घरासमोरचा रस्ता आईने फोडलेल्या खडीचा आहे, डांबराच्या खाली का होईना.

एक सांगतो. मुकादम शिव्या द्यायचा, माप कमी लावायचा, पगार तीन-तीन आठवडे लांबायचा. पण आई भांडायला जायची तेव्हा म्हणायची, "माजी मजुरी टाक." मानधन टाक म्हटलं असतं तर मुकादमाने हसून घालवली असती.

विसापूरच्या वि. स. पाग्यांनी ही योजना लावून धरली, सत्त्याहत्तरला कायदा झाला, २६ जानेवारी १९७९पासून लागू. शहरातल्या नोकरदाराच्या पगारातून व्यवसाय कर जातो ना, तो याच्यासाठीच सुरू झाला. मुलगा पुण्यात आयटीत आहे, कर कापला की कुरकुरतो. मी म्हणतो, तुझ्या आजीची उधारी आहे ती.

---

तर्कटराव | दुपारी २:१०

अण्णा, शेवटच्या वाक्याला दंडवत. तरी माझा मुद्दा राहतोच. अण्णांची आई या राज्याची नागरिक होती, तिचं सरकारवर मागणं होतं. रोहिंग्याचं मागणं कुणावर? बांगलादेशावर का म्हणून? तो देश स्वतःच दाटीवाटीने जगतोय.

---

ओव्हरसियर | दुपारी ३:००

मान्य. म्हणूनच मला ढाक्यातल्या सरकारचा राग येत नाही. सीमा उघडी ठेवली त्यांनी, सोपं नव्हतं ते. काम करायची परवानगी दिली की माणसं कायमची राहतील अशी त्यांना भीती. परवानगी नाही दिली तरी राहिलीच आहेत, ते सोडा.

---

शर्वरी_अम्मान | रात्री ८:२५

धागा उशिरा दिसला. मी चार वर्षं जॉर्डनमध्ये आहे, याच क्षेत्रात, म्हणून लिहिते.

ओव्हरसियरदादा, तुमची लाल रेघ वाचून हसू आलं आणि नाही पण आलं. इथे झातरीच्या छावणीत (जुलै २०१२ला उघडली, पुढे सीरियन निर्वासितांचं ऐंशी हजारांच्या आसपासचं गावच झालं) साध्या कामाला तासाला एक दिनार हा दर. आणि त्याचं अधिकृत नाव काय? 'प्रोत्साहनपर स्वयंसेवा'! म्हणजे साडेतीन हजार मैलांवर दोन सरकारांना तोच शब्द सुचला. कचरा उचलणारा, शाळा झाडणारी, दवाखान्यात दुभाषा, सगळे स्वयंसेवक.

पण जॉर्डनने पुढे एक वेगळं केलं. २०१६च्या फेब्रुवारीत लंडनच्या परिषदेत सौदा झाला. सीरियनांसाठी दोन लाख रोजगाराच्या संधी उघडायच्या, बदल्यात युरोपची बाजारपेठ जॉर्डनच्या मालाला सवलतीत आणि कर्ज-मदत. मग शेती, बांधकाम, कारखाने अशा ठरावीक क्षेत्रांत परवाने निघू लागले. दोन लाखांचा आकडा कागदावर छान दिसला, जमिनीवर अडखळत गेला. डॉक्टर-इंजिनिअरांना त्यांच्या कामाचा परवाना नाही, आणि कारखाने छावणीपासून इतके लांब की बसभाड्यातच पगार जायचा. तरी खिशात परवाना असलेला माणूस पोलिसाला बघून गल्ली बदलत नाही, हा फरक मी इरबिद आणि मफ्रक या शहरांत पाहिला.

छावणीबाहेर जर्मनीच्या पैशाने बरीच कामं निघाली. धरणांच्या पाणलोटात दगडी बांध घालून गाळ अडवणं, झाडं लावणं, रस्त्याची डागडुजी. गटात जॉर्डनचे आणि सीरियाचे दोघंही. मला सगळ्यात लक्षात राहिल्या त्या बायका. पहिल्या आठवड्यात दोन्हीकडच्या वेगळ्या झाडाखाली डबा खायच्या. नंतर झाड एकच, भांडण मात्र मुलुखिया या पालेभाजीत लसूण किती घालायचा यावरून.

---

गोदातीर | रात्री ९:१०

शर्वरी, छान माहिती. ओव्हरसियर, उखियात बायका कामावर यायच्या का? पडदा कडक ना तिथे?

---

ओव्हरसियर | रात्री १०:२०

गोदातीर, सुरुवातीला नाहीच. पहिल्या यादीत दीडशे पुरुष, बायका शून्य. आम्ही आपले 'महिलांचा सहभाग कमी' असं अहवालात लिहून मोकळे. मग एका स्थानिक सहकारी ताईने झापलं. म्हणाली, उघड्या टेकडीवर, पुरुषांच्या रांगेत, संडास नाही, लेकराला ठेवायला जागा नाही. मी तरी येईन का?

तेव्हा गवताची रोपवाटिका काढली. चारी बाजूंनी बांबूची तट्ट्याची भिंत, आत सावली, कोपऱ्यात पाळणे, लेकरं सांभाळायला दोन म्हाताऱ्या, आणि त्यांनाही तोच दर. आपल्या रोहयोत पाळणाघर आणि बाई-पुरुषाला सारखा दर हे नियमात कधीचं आहे (नियमात, म्हणतोय!), तेच मी तिथे नवीन शोध लावल्यासारखं सांगितलं. तिसऱ्या आठवड्यात नव्वद बायका. बहुतेक विधवा, किंवा नवरा कुठे आहे ते माहीत नसलेल्या.

आणि ते गवत कुठलं माहितीये? वाळा! तिथे त्याला बिन्ना घास म्हणतात. मी त्या बायकांना सांगितलं, आमच्याकडे आई उन्हाळ्यात याची मुळं माठात टाकते, पाण्याला वास येतो. दुभाष्याने सांगितल्यावर सगळ्या इतक्या हसल्या की काम थांबलं. त्यांच्या लेखी मी गवताचं पाणी पिणारा माणूस. पुढे दोन पावसाळे मी दिसलो की कुणीतरी पाण्याचा पेला पुढे करून विचारायची, "घास घालू का, इंजिनिअर?"

आता शर्वरीच्या एका झाडाखालच्या डब्यावरून आठवलं ते सांगतो, कारण स्थानिकांबरोबरचं काम मला त्यातूनच थोडं कळलं. छावणीच्या टेकड्यांवरचा गाळ आणि घाण एका खालातून, म्हणजे ओढ्यातून, खाली स्थानिकांच्या भातशेतात जायची. दोन हंगाम शेतं गाळाने भरली. शेतकरी भडकलेले, एकदा आमची गाडी अडवली. आम्ही ठरवलं, खाल उपसायचा. वरचा भाग रोहिंग्या उपसतील, खालचा स्थानिक. दर सगळ्यांना एकच, तासाला तेवढाच. गावातले म्हणाले, आम्हाला जास्त हवा. मी म्हटलं, जास्त दिला तर छावणीतला मजूर तुमच्यापेक्षा स्वस्त ठरेल, मग पुढच्या कामाला मला हिशोबनीस काय सांगेल? थोडा वेळ गप्प बसले. एक म्हातारबाबा म्हणाले, "बरोबर आहे, एकच ठेव." टपरीवर एवढ्या वर्षांत जे कुणी समजावलं नव्हतं ते त्यांना आधीपासूनच माहीत होतं.

छावणीवाल्यांना तपासणी नाक्यापलीकडे जायची बंदी. त्यामुळे दोन टोळ्या दोन बाजूंनी उपसत आल्या आणि नाक्याच्या मोरीखाली समोरासमोर. चिखलात उभे, मध्ये मोरीची नळी. बोली जवळजवळ एकच, चितगावच्या बाजूची बंगाली आणि रोहिंग्यांची भाषा सख्ख्या मावसबहिणी. तिथे गळाभेट वगैरे काही झालं नाही. एकाने पलीकडच्याकडे विडी मागितली, त्याने नळीतून दिली. त्या हंगामात भात आलं. पुढच्या वर्षी खालाच्या कामाला पैसे नव्हते, पुन्हा भरला. नंतर छावणीभोवती काटेरी कुंपणही आलं.

---

तर्कटराव | सोमवार, सकाळी ७:३५

एकच दर असल्यावर स्थानिकाचा भाव टिकतो, हा मुद्दा पटला. आधी डोक्यात आला नव्हता. बाकी मतभेद कायम.

---

महाडकर_९ | सकाळी ९:००

तुमच्या वाळ्यावर अडकलोय. आमच्या गावापासून तळीये लांब नाही. २०२१च्या जुलैत जे झालं ते पाहिलंय. गावामागच्या उतारावर वाळा लावला तर टिकेल का? ग्रामसभेत रोहयोतून काम काढायचा विचार चाललाय.

---

ओव्हरसियर | सकाळी ९:५०

महाडकर, आधी स्पष्ट सांगतो. तळीये, माळीण, इर्शाळवाडीसारखी आख्खी दरड खोलवरून सुटते तेव्हा कुठलंही गवत तिला थांबवत नाही. तिथे माणसं हलवणं हाच उपाय, आणि उताराला भेग दिसली तर भूगर्भवाल्यांना बोलवा, गवतावर विसंबू नका. वाळा वरची माती धरतो. मुळं सरळ खाली दोन-तीन मीटर जातात, त्यामुळे रस्त्याची कापलेली बाजू, घरामागचा छोटा उतार, शेताचा बांध यांना फार चांगला.

लावायचा तर समपातळी रेषेत. ठोंब एकमेकांपासून वीतभराहून कमी अंतरावर, मध्ये फट ठेवली की पाणी तिथूनच घुसतं. दोन ओळींत उभ्या मापाने एक-दीड मीटर. जूनचा पहिला पाऊस मुरला की लगेच लावा, जुलैच्या धारेत लावलेला वाहून जातो. ठोंब आधी रोपवाटिकेत वाढवावे लागतात, म्हणजे काम आत्ता काढलं तर पुढच्या पावसाळ्याला उपयोग. पाणी उताराच्या माथ्यावरच चर काढून बाजूला वळवा, नाहीतर सगळं फुकट.

माणसं किती लागतील याचा अंदाज : रोपवाटिकेतल्या आमच्या सरावलेल्या बायका दिवसाला दोनशे-अडीचशे ठोंब वेगळे करून बांधायच्या. उतारावर लावणी निम्म्या वेगाने धरा. आणि पहिलं वर्ष शेळ्या लांब ठेवा, कोवळा पाला त्या सोडत नाहीत. आमच्या टेकड्यांवर शेळ्या नव्हत्या म्हणून सुटलो, हत्ती मात्र दोनदा येऊन तुडवून गेले.

---

महाडकर_९ | सकाळी १०:१०

हत्ती नाहीत, पण गवे उतरतात हल्ली. ठोंब कुठून मिळतील तेवढं व्यनित कळवा.